बॅटरी पाहिजे? मग स्पीकर पण घ्या!

घरातला एक जण इंजिनिअरिंगला गेला की तीन कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडतात. मोबाईल नीट करून देणे, टीव्हीचा रिमोट समजावून सांगणे आणि कुणी गाडी घ्यायला निघालं की "कोणती घ्यावी?" याचं उत्तर देणे. तुम्ही सिव्हिलला आहात की कॉम्प्युटरला, तुमचे किती विषय राहिलेत, याच्याशी नातेवाइकांना काही देणंघेणं नसतं. इंजिनिअर म्हणजे इंजिनवाला, विषय संपला!

माझ्यावर ही पाळी २०२५ च्या दिवाळीत आली. युसूफ वडगावला (म्हणजे केज तालुक्यातलं, माझं आजोळ) फराळ चालू होता आणि मामांनी ताट बाजूला सारून खिशातून घडी घातलेला कागद काढला. "भाचेबुवा, हे जरा बगा. मला तर काय बी कळंना." कागदावर शोरूममधल्या माणसाने पेनाने लिहून दिलेले आकडे होते. पॅक वन, पॅक वन अबव्ह, पॅक टू, पॅक थ्री सिलेक्ट, पॅक थ्री.

मामांची डिझेल जीप आता थकली आहे. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या तुकड्याचा मोबदला मिळाला, तो आहे तोवर एकदाच काय ती धड गाडी घ्यायची, असा विचार. मामींच्या तपासण्या दर महिन्याला पुण्यात असतात. बीड-अहिल्यानगरमार्गे जा नाहीतर कळंब-बार्शीमार्गे जा, अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. डिझेलला पैसा फार जातो म्हणून मामांनी इलेक्ट्रिक गाडी मनात घेतली. त्यांची अट एकच होती. "एका दमात पुणं गाठलं पायजे. मधी थांबायचं ते चहाला. आजारी माणूस गाडीत बसवून चार्जिंगच्या रांगेत नाय थांबायचं मला."

आता एवढी सरळ अट, आणि मी दोन दिवस कागद-पेन घेऊन बसलो. गणित अवघड नव्हतं. किमतीची मांडणी अवघड होती. त्या दोन दिवसांत माझं जे मत बनलं ते इथे मांडतो. पटलं नाही तर कॅन्टीनला भेटा!

आधी आकडे. महिंद्राने २६ नोव्हेंबर २०२४ ला बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक गाड्या जाहीर केल्या. गाड्या बनतात आपल्या चाकणला. पेपरात ठळक छापून आलं, "१८.९० लाखांपासून". फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण यादी आली. बीई ६ चं पॅक वन १८.९० लाख, पॅक वन अबव्ह २०.५० लाख, पॅक टू २१.९० लाख, पॅक थ्री सिलेक्ट २४.५० लाख आणि पॅक थ्री २६.९० लाख. एक्सईव्ही ९ई मध्ये पॅक वन २१.९० लाख, तिथून चढत चढत पॅक थ्री ३०.५० लाख. सगळ्या एक्स-शोरूम. घरी बसवायचा चार्जर वेगळा, ७.२ किलोवॉटचा ५० हजाराला आणि ११.२ किलोवॉटचा ७५ हजाराला.

बॅटऱ्या दोन होत्या, ५९ युनिटची आणि ७९ युनिटची. (युनिट म्हणजे किलोवॉट-अवर. आपल्या लाईट बिलातलं तेच युनिट.) आणि ७९ ची बॅटरी त्या यादीत फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे पॅक थ्रीलाच होती. खालच्या सगळ्या पायऱ्यांना ५९.

मामांच्या अटीत कोणती बसते? कंपनी ७९ च्या बीई ६ साठी ६८२ किलोमीटर सांगते, पण तो चाचणीचा आकडा आहे. मे महिन्यात एसी लावून, चार माणसं आणि डिकीत धान्याचं पोतं घेऊन धावणाऱ्या गाडीचा नाही. मी शंभर किलोमीटरला १७ युनिट धरले आणि बॅटरीतला शेवटचा दहावा हिस्सा हात न लावता ठेवला. ५९ ची बॅटरी ३१२ किलोमीटर देते, ७९ ची ४१८. म्हणजे ५९ वाली पुण्याला पोचेल, पण हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये मामांचं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त राहील! जोराचा वारा, नाहीतर एखादी डायव्हर्जन, की संपलं. ७९ वाली निवांत पोचते. मामांना ७९ च पाहिजे, यात वाद नाही.

पण मामांना फक्त बॅटरी पाहिजे. काचेवर आकडे उमटवणारा डिस्प्ले नको, स्वतःची स्वतः पार्क होणारी गाडी नको (युसूफ वडगावात पार्किंगची अडचण अजून आलेली नाही), हवा मारणाऱ्या सीटा नकोत. पॅक टू पासून पुढे सोळा स्पीकर येतात, ते वाचून मामा म्हणाले, "सोळा? आपल्या गणपतीच्या मांडवात बी इतके नसतेत!" तरी फेब्रुवारी २०२५ च्या यादीप्रमाणे हे सगळं विकत घेतल्याशिवाय मोठी बॅटरी मिळत नव्हती. बॅटरी पाहिजे? मग स्पीकर पण घ्या.

यावर कुणी म्हणेल, मोठी बॅटरी महागच असते, त्याला कंपनी काय करणार? तर याचं उत्तर कंपनीनेच दिलं. जुलै २०२५ मध्ये पॅक टू मध्येही ७९ ची बॅटरी देऊ केली. बीई ६ ची किंमत २३.५० लाख. त्याच पॅक टू ची ५९ वाली २१.९० लाखाला होती. म्हणजे वरच्या २० युनिटची किंमत १ लाख ६० हजार. एक्सईव्ही ९ई ला २४.९० आणि २६.५०, फरक परत तेवढाच, १ लाख ६० हजार. जो माणूस त्याआधी फक्त बॅटरीसाठी गेला, त्याने बीई ६ ला २६.९० मोजले. जुलैनंतर गेला असता तर २३.५० मध्ये काम झालं असतं. तीन लाख चाळीस हजारांचा फरक. आमच्या भागात एवढ्यात बोअर, पाईपलाईन आणि वर एक म्हैस होते!

माझा राग किंमत जास्त असण्यावर नाही. कंपनीने हजारो कोटी घातलेत, तिने नफा कमवावा. माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरी ही स्पीकरच्या रांगेत बसवायची वस्तू नाही. शहरातल्या माणसाला मोठी बॅटरी म्हणजे हौस असू शकते. त्याची रोजची धाव चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि चार्जर प्रत्येक मॉलच्या तळघरात. गावातल्या माणसाला तीच बॅटरी म्हणजे गाडी उपयोगी पडणार की नाही, याचा निकाल. तिला हौसेच्या पायरीवर नेऊन ठेवलं, की ज्याला ती सगळ्यात गरजेची त्यानेच नको असलेल्या जिनसांचे सगळ्यात जास्त पैसे भरायचे, असा उलटा न्याय होतो.

आता या कारभाराची मजेदार बाजू बघा. १४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं. पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या बुक झाल्या आणि त्यातल्या ७३ टक्के पॅक थ्रीच्या! लगेच सगळीकडे सूर निघाला की भारतीय ग्राहक आता बदलला, त्याला स्वस्त नको, प्रीमियम पाहिजे. निघेल तो निष्कर्ष असाच निघणार हो. प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न सोडवण्यासारखा दिला आणि ७३ टक्के मुलांनी तोच सोडवला, तर मुलांना तो विषय आवडतो असं म्हणायचं का? त्या ७३ टक्क्यांतल्या कितींना सोळा स्पीकर पाहिजे होते आणि कितींना वीस युनिट, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही. दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या की कोण कशासाठी आलं ते समजायचा मार्ग बंद होतो. आपल्या लॅबमध्ये दोन व्हेरिएबल एकदम बदलून रीडिंग घेतलं तर सर जर्नल परत तोंडावर मारतात. बाजारात मात्र त्यालाच मार्केट रिस्पॉन्स म्हणतात.

आणखी एक. पॅक थ्रीच्या गाड्या मार्च २०२५ पासून द्यायला सुरुवात होणार होती, सिलेक्टच्या जूनपासून, पॅक टू च्या जुलैपासून आणि ज्या १८.९० लाखाची जाहिरात झाली त्या पॅक वनच्या ऑगस्टपासून. जाहिरातीत सगळ्यात पुढे जो, पंगतीला बसायला सगळ्यात मागे तो.

ही युक्ती काही महिंद्राने शोधलेली नाही. ती दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचा उलगडा, सांगायला आनंद वाटतो, एका सिव्हिल इंजिनिअरने केला आहे. फ्रान्सचा ज्यूल ड्युपुई, रस्ते-पुलांच्या खात्यातला माणूस. १८४९ मध्ये त्याने रेल्वेच्या भाड्यावर लिहिलं. तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छत नसायचं, बसायला लाकडी बाक. लोक म्हणायचे, रेल्वेवाले गरिबांचा दुस्वास करतात. ड्युपुईचं म्हणणं वेगळं होतं. छताला खर्च कितीसा येतो? छत काढलंय ते गरिबाला भिजवायला नाही. ज्याच्या खिशात दुसऱ्या वर्गाचे पैसे आहेत तो तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून काढलंय. भिजतो मात्र गरीब!

या युक्तीचं अगदी उघडं रूप बघायचं तर टेस्लाचं बघा. २०१६ मध्ये त्यांनी अमेरिकेत मॉडेल एस ६० विकली. आत बसवलेली बॅटरी होती ७५ युनिटची, पण सॉफ्टवेअरने ती ६० वर अडवलेली. हजारो डॉलर भरले की कुलूप उघडणार. म्हणजे तेवढं वजन गिऱ्हाईक रोज वाहतोय, वापरायची मात्र बंदी! २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ आलं, लोक शहरं सोडून पळायला लागले, तेव्हा कंपनीने तिकडच्या गाड्यांची ही कुलपं लांबूनच काही दिवसांपुरती उघडली. चांगलं केलं, कौतुक आहे. पण त्यामुळेच जगाला नीट कळलं की कुलूप होतं.

हीच टेस्ला १५ जुलै २०२५ ला मुंबईत बीकेसीला आली. चीनमध्ये बनलेली मॉडेल वाय ५९.८९ लाखाला, लांब पल्ल्याची ६७.८९ लाखाला. करड्या रंगाला जादा पैसे नाहीत, पांढऱ्या-काळ्याला ९५ हजार, लाल पाहिजे असेल तर १ लाख ८५ हजार. मामांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. पण खरं सांगू का, या लाल रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला लाल पाहिजे त्याने द्यावेत. रंग न घेता गाडी तेवढीच पळते. हौसेला हौसेची किंमत लावली तर कुणाचं काम अडत नाही.

कंपनीच्या बाजूने बोलायचं तर एक मुद्दा वजनाचा आहे. पाच पॅक गुणिले दोन बॅटऱ्या गुणिले सात-आठ रंग केले की लाईनवर गोंधळ होतो. कोणत्या बॉडीला कोणता हार्नेस, कोणती सीट, कुठला माल किती मागवायचा. नवीन लाईन, नवीन गाडी, तेव्हा सुरुवातीला एकच प्रकार काढणं शहाणपणाचं. (आमच्या गावाकडची कितीतरी पोरं चाकणला आहेत, एका मित्राने मला हे अर्धा तास समजावून सांगितलं.) मान्य. पण मग एकच प्रकार काढायचा होता तर तो मोठ्या बॅटरीचा आणि साध्या सीटचा का नाही निघाला? टाटांनी जून २०२५ मध्ये हॅरियर इलेक्ट्रिक आणली, तिच्यात मधल्या फिअरलेस प्लस पायरीवर पहिल्यापासून दोन्ही बॅटऱ्या होत्या, ६५ युनिट २३.९९ लाखाला आणि ७५ युनिट २४.९९ लाखाला. दहा युनिटला एक लाख, हिशोब चोख. अगदी खालच्या पायरीवर त्यांनीही ७५ दिली नाही, हेही सांगायला पाहिजे.

किमतीच्या कागदावर न लिहिलेली एक पायरी गावात अजून असते, ती विजेची. ७.२ किलोवॉटचा चार्जर म्हणजे २३० व्होल्टला ३१ अँपिअर. ७९ ची बॅटरी रिकामी असेल तर अकरा तास. पण उन्हाळ्यात संध्याकाळी गावठाणात व्होल्टेज १८० ला येतं, तेव्हा तेच ३१ अँपिअर साडेपाच किलोवॉटच देतात आणि अकराचे चौदा तास होतात. ११.२ चा चार्जर घ्यावा तर थ्री फेज पाहिजे. मामांनी लगेच तोडगा काढला. "शेतातल्या मोटरीला थ्री फेज हायच की, आन् त्याचं बिल बी सरकारनं माफ केलंय!" २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, हे खरं. पण ती पंपाला, गाडीला नाही, असं मी म्हटल्यावर मामा हिरमुसले. शिवाय साडेसात एचपी म्हणजे ५.६ किलोवॉट. चार्जर त्याच्यापेक्षा मोठा आहे, हेही त्यांना सांगितलं. इंजिनिअरिंगचा तेवढाच उपयोग झाला.

सरकारकडे बघावं तर तिथेही गाडीची पायरी बघूनच विचार होतो. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला. राहिला असता तर ३०.५० लाखांच्या पॅक थ्रीला एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे बसले असते आणि २७.९० च्या सिलेक्टला शून्य, म्हणजे बॅटरीला अजून एक दंड. नंतर एप्रिल २०२५ मध्ये राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण आलं. संपूर्ण टोलमाफी तीन रस्त्यांना, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी. केजहून पुण्याला जाताना यातला एकही लागत नाही! त्याच धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. ते प्रत्यक्षात उतरलं तर माझा अर्धा लेख रद्द समजावा, मी आनंदाने समजेन. ५९ ची बॅटरीही मग पुरेल.

एक आक्षेप आमच्या रूमवरच आला. "ऊसतोडीच्या जिल्ह्यातला तू, आणि पंचवीस लाखांच्या गाडीवर काय लिहितोस? किती जण घेणार?" नवीन फार थोडे घेणार, मलाही माहीत आहे. पण आमच्याकडे गाडी नवीन येतच नाही, ती पुण्यातून वापरून येते. आज पुण्या-मुंबईत जी विकली जाते ती सहा-सात वर्षांनी केज-अंबाजोगाईच्या रस्त्यावर दिसणार. तेव्हा बॅटरी थोडी उतरलेली असेल. ५९ ची असेल तर तिचं पुण्याचं स्वप्न कधीच संपलेलं असेल. आणि कंपनीची बॅटरीवरची आयुष्यभराची वॉरंटी पहिल्या खासगी मालकाला आहे, दुसऱ्याला १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर. म्हणजे नव्या गाडीत मोठी बॅटरी कोणत्या पायरीवर मिळते हा प्रश्न आज शहरातल्या गिऱ्हाइकाचा दिसतो, पण उद्या तो आमचा आहे.

हप्त्याबद्दल दोन ओळी. सुरुवातीला एक योजना होती, जवळपास पॅक टू च्याच हप्त्यात पॅक थ्री घ्या. फरक कुठे गेला? शेवटी, एका मोठ्या हप्त्यात, सहा वर्षांनी. आमच्या भागात शेवटचा मोठा हप्ता हे काय प्रकरण असतं ते पीककर्ज काढलेल्या कुणालाही विचारा.

तर दिवाळीत मी मामांना सांगितलं, पॅक टू, ७९ ची, २३.५० लाख, आणि चार्जर धरून २४. मामा म्हणाले, "थांबू जरा. घाई करणाराला तीन लाख चाळीस हजार पडले म्हणतूस ना तू?" आणि थांबले. २७ नोव्हेंबर २०२५ ला महिंद्राने एक्सईव्ही ९एस काढली, सात सीटची. तिच्यात सगळ्यात खालच्या पायरीवर ५९ युनिट १९.९५ लाखाला आणि त्याच पायरीवर ७९ युनिट २१.९५ लाखाला. सगळ्यात खालच्या पायरीवर! जे वर्षाच्या सुरुवातीला २६.९० शिवाय मिळत नव्हतं ते वर्ष संपताना पाच लाख कमी देऊन, वर मागची दोन माणसं बसवून. म्हणजे लाईनवरचा गोंधळ सोडवता येत होता.

मी लगेच मामांना फोन केला. त्यांना बातमी आधीच माहीत होती. चाकणच्या पोराने मेसेज केला होता. बुकिंग केलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मीटरचा लोड वाढवायला अर्ज टाकलाय. डीपीवर जागा हाय का नाय ते वायरमन बघून सांगतो म्हणलाय. ती झाली की गाडी."